मळ आणि तडा

वाचकहो, दिवाळी जवळ आली की घरोघरी एक खटला उभा राहतो. माळ्यावरचे सामान खाली उतरते आणि एकेका वस्तूचा निवाडा करावा लागतो : घासून ठेवायची, की मोडीत घालायची? तांब्यापितळेच्या भांड्यांचा प्रश्न चिंचेने सुटतो. पण यंदा आमच्या माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेलाने काळाकुट्ट झालेला एक लोखंडी गोळा निघाला. “अहो, हे भंगारवाल्याला देऊन टाका. हात लावला तर साडीला डाग पडेल,” असे सौभाग्यवतींनी फर्मावले.

तो गोळा म्हणजे फियाटचा जुना कार्ब्युरेटर होता. परदेशी मालावर कडक निर्बंध असण्याच्या त्या काळात वडिलांनी तो मुंबईच्या चोरबाजारातून आणला होता. नवा भाग मिळणे दुरापास्त असे. म्हणून जुना भाग रॉकेलात धुऊन पुन्हा बसवणे हाच मोटारवाल्यांचा धर्म होता. वडिलांची ती फियाट धाकट्या भावाने अजून चालती ठेवली आहे. तेव्हा निवाडा घाईने करून चालणार नव्हते. अशा वेळी मला एका मोटारीची कथा नेहमी आठवते. तिच्यावर हाच निवाडा दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा वेगळा.

इंग्लंडात काउंट लुई झ्बोरोव्स्की नावाचा एक श्रीमंत, शर्यतींचा वेडा तरुण होता. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी बनलेले अमेरिकन ‘लिबर्टी’ इंजिन त्याने मिळवले. इंजिन बारा सिलिंडरांचे, सत्तावीस लिटरांचे! त्याला त्याने जुन्या बेंझ शर्यतगाडीचा गिअरबॉक्स जोडला. म्हणजे ही गाडी जन्मापासूनच वापरलेल्या भागांची. तिच्यातील सुधारणा पुऱ्या होण्याआधीच, १९२४ साली, इटलीत मोन्झाच्या शर्यतीत काउंट मरण पावला.

त्याच्या मालमत्तेतून ती गाडी अवघ्या १२५ पौंडांना विकत घेतली जे. जी. पॅरी-टॉमस या वेल्समध्ये जन्मलेल्या एंजिनिअराने. लेलँड मोटर्सचा हा पूर्वीचा मुख्य एंजिनिअर. त्याने इंजिनात स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन घातले, चार नवे कार्ब्युरेटर बसवले आणि गाडीचे लाडके नाव ठेवले ‘बॅब्स’. एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधील पेन्डाइनच्या लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावर या जुन्यापान्या सामानाच्या गाडीने ताशी १७१ मैलांचा वेग गाठला आणि जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम केला!

फेब्रुवारी १९२७ मध्ये त्याच किनाऱ्यावर माल्कम कॅम्बेलने तो विक्रम मोडला. तो परत मिळवायला टॉमस निघाला. ३ मार्च १९२७ रोजी भरवेगात बॅब्स उलटली आणि टॉमस जागीच ठार झाला. जमिनीवरील वेगाच्या विक्रमापायी प्राण गमावणारा तो पहिला चालक.

आता त्या गाडीचे करायचे काय? मित्रांच्या मनात हिशेब नव्हता, दुःख होते. गाडीची आसने फाडली, घड्याळे फोडली आणि किनाऱ्यावरच्या वाळूत खड्डा खणून तिला पुरून टाकले. पहिला निवाडा झाला : मोडीत. तिच्याबरोबर एक समजूतही पक्की झाली, की चाकांना गती देणारी साखळी तुटली आणि तिच्याच तडाख्याने टॉमसचा जीव गेला. कित्येक वर्षे पुस्तकांतून हेच सांगितले गेले.

बेचाळीस वर्षे गेली. १९६९ साली ओवेन विन ओवेन या वेल्समधील तंत्रशिक्षणाच्या अध्यापकाने परवानगी मिळवून ती जागा खणली. समुद्राच्या खाऱ्या वाळूत गाडलेले ते लोखंड कसे दिसत असेल, कल्पना करा! शहाण्या माणसाने तेथूनच पाठ फिरवली असती. पण ओवेनने गाडी घरी नेली आणि सुमारे पंधरा वर्षे एकेक भाग सोडवत, गंज उतरवत तो बसला. पत्र्याचे अंग पार खाल्ले गेले होते. ते नवे करावे लागले. पण यंत्राचे कितीतरी भाग गंजाखाली शाबूत होते. अखेर ते प्रचंड इंजिन पुन्हा गरजले. आणि पुढच्या तपासणीतून जाणकारांचे मत बदलले : दोष आधी साखळीचा नसावा; मागचे उजवे चाक निकामी झाले आणि बाकीचे त्यामागून घडले. मळ काढला तेव्हा कुठे साखळीवरचा आळ उतरला.

येथे कारखान्यांतील एक जुनी युक्ती सांगण्यासारखी आहे. यंत्राच्या भागाला नजरेस न दिसणारा तडा गेला आहे की काय, हे रेल्वेच्या कारखान्यांत असे पाहत : भाग पातळ तेलात बुडवून ठेवायचा, मग स्वच्छ पुसून त्यावर खडूच्या भुकटीचा पांढरा थर द्यायचा. तडा असला तर आत शिरलेले तेल हळूहळू झिरपते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. स्टेशनात गाडी थांबली की हातोडीने चाके वाजवत जाणारा माणूस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचेही काम हेच. चाक किती काळे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. ते खणखणीत वाजते की बद्द, एवढेच तो ऐके.

तात्पर्य, मळ हा पुरावा नव्हे. स्वच्छ दिसणारा भाग घातकी असू शकतो आणि काळाकुट्ट भाग निरोगी. तेव्हा धुतल्यावाचून फेकू नये, आणि तडा दिसल्यावर मायेपोटी ठेवू नये. गाडीच्या भागाशी खेळ म्हणजे आत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ.

आमच्या खटल्याचा निकाल सांगतो. कार्ब्युरेटर एका जुन्या परातीत रात्रभर रॉकेलात ठेवला. सकाळी टूथब्रशने घासला, पुसला आणि त्यावर मुलांच्या खडूची भुकटी लावली. इंजिनला बसणाऱ्या कडेवर केसासारखी काळी रेघ उमटली. तिथून हवा शिरणार आणि इंजिन अडखळणार. गोळा भंगारात गेला. पण आतले चिमुकले पितळी जेट सोन्यासारखे लखलखत होते. ते भावासाठी डबीत ठेवले.

“इतका खटाटोप करून शेवटी मी म्हटले तेच झाले ना?” सौभाग्यवती हसून म्हणाल्या.

झाले खरे. फक्त आता का, ते आम्हांला ठाऊक होते.