माहीमचा वेढा

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली हे आम्ही शाळेत शिकलो. माहीमलाही एकदा वेढा पडला होता, तोही चर्चला, आणि वेढा घालणारे सगळे ख्रिस्तीच होते, हे मात्र आजीकडून कळलं.

आजीचे आजोबा १८५३ साली तेरा-चौदा वर्षांचे असतील. ते वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला होते. त्यांच्याकडे काम एकच: विहिरीच्या काठावर बसायचं आणि आतल्यांसाठी कुणी घागर भरू लागलं की बोंब ठोकायची. आत सेंट मायकल चर्चमध्ये साक्षात बिशप अडकले होते. ‘‘बिशपला तहानेनं मारायला निघाले होते आपले लोक,’’ असं म्हणून आजी घाईघाईनं क्रूस काढायची, पण हसू काही लपायचं नाही. बाहेरचे लोक मुद्दाम वाऱ्याच्या तोंडाला बसून सुके बोंबील भाजायचे, म्हणजे आतल्यांच्या नाकात वास जावा, असंही ती सांगे. बोंबलांची भर तिची स्वतःची असावी. बाकीचं बरंचसं इतिहासाशी जुळतं. बिशप आणि त्यांची माणसं आत, अन्नपाण्याची वाट बंद, आणि हे सगळं पंधरा दिवस.

भांडण होतं हक्काचं. पोर्तुगालच्या राजानं पूर्वेकडे चर्चेस बांधावीत, त्यांचा खर्च चालवावा आणि त्या बदल्यात बिशप कोण होणार ते त्यानं सुचवावं, अशी पोपनी त्याला दिलेली सनद म्हणजे पाद्रोआदो. पुढे राजाचं बळ आटलं, हक्क मात्र सुटेना. रोमनं १६२२ साली प्रोपगंडा नावाचं स्वतःचं खातं काढलं आणि आपली माणसं थेट पाठवायला सुरुवात केली. मुंबईत इंग्रजांना गोव्याच्या आर्चबिशपचे पाद्री नको होते, कारण त्यांची निष्ठा पोर्तुगालकडे. म्हणून १७२० साली त्यांना बाहेर काढून कार्मेलाइट पाद्री आणले. त्यावर इतकी वर्षं तक्रारी आणि अर्ज चालले, की शेवटी १७९४ मध्ये कंपनी सरकारनं चर्चेसची वाटणीच करून टाकली. भाऊबंदकीत घराची होते तशी.

तेव्हापासून एकाच शहरात दोन सत्ता. हद्दीची रेघ जमिनीवर नव्हती, माणसांवर होती. एका आळीत शेजारी-शेजारी राहणारी दोन घरं दोन बिशपांची. मिस्सा तीच, लॅटिन तेच, रोझरीचे मणीही तेवढेच. आजी सांगायची, सोयरीक जुळवताना हुंड्याआधी विचारायचे, ‘‘तुम्ही गोव्याचे की पोपचे?’’ तिचं स्वतःचं लग्न दोन्हीकडचे कागद वेळेवर मिळेनात म्हणून लांबलं होतं. एका पाद्रीसाहेबांना दुसऱ्यांच्या सहीखाली सही करायची नव्हती. त्यांना वर जागा हवी होती. हा किस्सा सांगताना ती जेवढी चिडे, तेवढी वेढा सांगताना कधी चिडली नाही.

१८५३ चे बिशप म्हणजे अनास्तासियुस हार्टमन. मूळचे स्वित्झर्लंडचे, कॅपुचिन संघाचे. सेंट मायकल चर्च पाद्रोआदोवाल्यांच्या हाती जायची वेळ आली तेव्हा ते स्वतः जाऊन आत बसले आणि जाहीर केलं की हे चर्च धर्मफुटीरांना देण्यापेक्षा मी इथंच हुतात्मा होऊन मरेन.

या वाक्यापाशी मी नेहमी अडखळतो. हुतात्मा, पण कुणाच्या हातून? बाहेर नीरोचे शिपाई नव्हते. सकाळीच रोझरी म्हणून आलेले, याच बिशपांसारखाच बाप्तिस्मा झालेले लोक होते. आपल्या अधिकाराला धक्का लागला की तो ख्रिस्तालाच लागला असं वाटणं हा मोठ्या पदावरच्या माणसांचा खास आजार. त्याला अहंकार म्हणावं तर रोगी खवळतो, कारण त्याच्या लेखी ते आज्ञापालन असतं. हार्टमन रोमची आज्ञा पाळत होते, समोरचे गोव्याची. नमतं घ्यायला कुणीच मोकळं नव्हतं.

पंधराव्या दिवशी सरकार मध्ये पडलं. चर्च उघडलं आणि पाद्रोआदोवाल्यांना मिळालं. हुतात्मा कुणी झालं नाही. कॅथलिकांचं भांडण प्रॉटेस्टंट इंग्रजांनी मिटवलं, याचं वैषम्य दोन्ही बाजूंना वाटलं असेल की नाही, कोण जाणे.

तरी हार्टमनसाहेबांना नुसते हट्टी म्हणून मोकळं होता येत नाही. आज ‘एक्झामिनर’ नावानं निघणारं मुंबईच्या कॅथलिकांचं साप्ताहिक त्यांनीच १८५० मध्ये सुरू केलं. नंतर ते पाटण्याला परतले, नवा करार हिंदुस्तानीत आणला आणि १८६६ मध्ये कॉलऱ्यानं गेले. म्हणजे माणूस कष्टाळू आणि सच्चा होता. लबाड असता तर पंधरा दिवस आत कशाला बसला असता? दुसऱ्याच दिवशी सौदा केला असता.

रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारानं तंटा सुटायचा, त्याऐवजी पदव्या वाढल्या. गोव्याचे आर्चबिशप ‘पूर्वेकडील इंडीजचे पॅट्रिआर्क’ झाले. दमणला नवा बिशप आला, आणि मुंबईतली पाद्रोआदोची चर्चेस त्याच्याकडे गेली. समोर मुंबईला आर्चबिशप, मग दमणचा नुसता बिशप कसा चालेल? म्हणून त्याला क्रंगनोरचा आर्चबिशप ही मानाची पदवी जोडून दिली. क्रंगनोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. तिथली गादी केव्हाच मोडीत निघाली होती. म्हणजे अंमल दमणचा आणि मान क्रंगनोरचा.

दुहेरी कारभार १९२८ साली संपला, पण तोही तोलूनमापून. मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, असं ठरलं. आधी पोर्तुगीज लीमा, मग १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स. गंमत अशी की या पाळीपाळीच्या खेळातून उठून गेला तो रॉबर्ट्सच. १९४६ मध्ये वॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप केल्यावर त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून रॉबर्ट्स मुंबईपासून लांब राहिले आणि १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. रॉबर्ट्सनी पुढे चर्चमधल्या अधिकाराच्या गैरवापरावर पुस्तकही लिहिलं. दीडशे वर्षांच्या या ओढाताणीत आपण होऊन खुर्ची सोडणारे तेवढेच मला दिसतात. दुसरं कुणी असलंच तर आमच्या घरात त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही.

पण एकट्या बिशपांना बोल लावणं मला जमत नाही. खुर्ची उंच करायला खालून हात लागतात. बिशप येणार म्हटलं की आमच्याकडे अंगणं सारवली जात, कमानी उभ्या राहत, बँड ठरे. गुडघा टेकून अंगठीचं चुंबन कुणाला आधी मिळालं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं आजीनं पाहिलं होतं. ग्रेशस कार्डिनल झाले तेव्हा गोवेकरांनी छाती फुगवली आणि आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे कॅथलिक, कुरकुरलो: मुंबई मूळची आमची, चर्चेस आमच्या वाडवडिलांची, आणि आमच्यातला एकही माणूस त्या गादीवर नाही.

बिशपांच्या मोठेपणाला जन्मभर हसलेली आजी या कुरकुरीत सगळ्यांच्या पुढे असे. १९७८ साली सायमन पिमेंटा आर्चबिशप झाले. मरोळचे, आमच्यातले. बातमी आली तशी आजीनं कपाटातलं लाल लुगडं काढलं, शेजारच्या मंगळुरी बाईंना मुद्दाम हाक मारून सांगितलं, आणि मग वडिलांना पहिला प्रश्न विचारला, ‘‘समारंभाला आपल्याला पुढच्या रांगेत बसवतील ना रे?’’