सायकलस्वाराचा दिवा

उसाच्या हंगामांत गडहिंग्लजहून संकेश्वराकडे रात्रीं सायकलनें जाणारास दोन संकटें असतात: आपणांस वाट न दिसणें आणि आपण दुसऱ्यास न दिसणें. सायकलच्या दिव्याच्या इतिहासांत पहिल्याचाच विचार अधिक झाला, असें आम्हांस वाटतें.

आरंभीं रॉकेलचा दिवा होता. १८९२ सालीं विल्सन यांस विजेच्या भट्टींत कॅल्शियम कार्बाइड साधलें, आणि पुढें कार्बाइडचा दिवा आला. खालच्या डबींत कार्बाइडचे खडे, वर पाणी. थेंब पडूं लागले कीं ॲसिटिलीन वायु निघे आणि पेटवितांच शुभ्र ज्योत मिळे. वास मात्र विचारूं नये! याच जातीचा दिवा खाणकामगार टोपीला अडकवीत. सायकलस्वारानें तो हँडललाच ठेविला. मागाहून चाकावर फिरणारा डायनॅमो आला, तो सायकल थांबली कीं मालवे. म्हणजे स्वार रस्त्यांत उभा राहिला कीं अंधारांत.

शिरस्त्राण फार उशिरां आलें. अमेरिकेंत १९७५ सालीं ‘बेल बायकर’ निघालें. त्यांतील पॉलिस्टायरीनचा फेस स्वतः चेंगरून डोक्याचा धक्का कमी करी. २०१५ सालीं पुढें आलेल्या ‘लुमोस’मध्यें दिवे व वळण्याच्या खुणाही टोपींतच बसविल्या. यांतील खरा लाभ आमच्या मतें उंचीचा: हँडलचा दिवा गाडीआड झांकतो, डोक्यावरचा सहसा झांकत नाहीं. आमच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील शिरस्त्राणाची सक्ती मोटारसायकलस्वारांपुरती. सायकलस्वार तींतून सुटला. आणि तो फेस एकदां चेंगरला कीं, दिवे लागत असले तरी टोपी टाकावीच लागते.