पंचतारांकित हॉटेलातलं पाणी राहूपर्यंत येतं तेव्हा

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं जरा सरळ केलीत, बाकी तसंच.

आजचा विषय घरातूनच निघाला. मी राहूचा, दौंड तालुका. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला भीमा, मधला पट्टा म्हणजे आमचं राहू बेट. ऊस आणि गुऱ्हाळं. मी पुण्यात कोड लिहितो, सुट्टीला गावी येतो. मागच्या खेपेला बघतो तर चुलत बहीण ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलेली. ती हॉटेल मॅनेजमेंटला आहे आणि आठ दिवसांवर एका मोठ्या हॉटेलचा इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता. जाहिरातीत लिहिलेलं, 'रीजनरेटिव्ह हॉस्पिटॅलिटीची आवड हवी.'

"दादा, हे म्हणजे सस्टेनेबलच ना? नुसतं नाव बदललंय?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. बी.टेक.ची सगळी ऐट तिथेच उतरली. मग वाचायला बसलो.

सुरुवात जरा मागून करू. 1903 साली मुंबईत ताज सुरू झालं, तेव्हा त्याचा थाट कशात होता? विजेचे दिवे, लिफ्ट, तुर्की स्नानगृहं. म्हणजे बाहेरच्या शहराला जे मिळत नाही ते आत भरपूर मिळणं. ऐषाराम म्हणजे मुबलकता, हे गणित पुढे कितीतरी वर्षं कुणी तपासलंच नाही.

ते तपासणाऱ्यांमध्ये एक मराठी माणसांना चांगलं ओळखीचं नाव आहे, विठ्ठल कामत. त्यांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मुंबईत विमानतळाजवळ त्यांनी ऑर्किड उभं केलं आणि 1997 मध्ये ते आशियातलं पहिलं इकोटेल प्रमाणित पंचतारांकित हॉटेल म्हणून गाजलं. इकोटेल हे प्रमाणपत्र पाच गोष्टी बघतं: पर्यावरणाबद्दलची बांधिलकी, कचरा, वीज, पाणी, आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण व आसपासच्या लोकांशी नातं. ऑर्किडमध्ये नळांना हवा मिसळणाऱ्या जाळ्या बसवल्या, सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि एसीच्या यंत्रणेला वापरलं. खोलीत एक हिरवं बटण, दाबलं की एसीचं तापमान थोडं वर सरकतं. पाहुण्याला त्रास नाही आणि वीज वाचते.

पण नीट बघा, हे सगळं 'कमी' करण्याचं शास्त्र आहे. कमी पाणी, कमी वीज, कमी कचरा. यालाच आपण सस्टेनेबल म्हणतो. रीजनरेटिव्ह याच्या पुढचं मागतं. ते विचारतं, तुम्ही इथे आल्यामुळे ही जागा आधीपेक्षा चांगली झाली का? हा शब्द मुळात हॉटेलवाल्यांचा नाहीच, शेतीतला आहे. अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी 1980 च्या दशकात तो चालवला. माती नुसती टिकवू नका, तिचा कस वाढवा, असा त्याचा अर्थ.

आणि इथे आपल्याकडचं उदाहरण सापडतं, नेरळजवळची सगुणा बाग. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परत आले आणि 1980 च्या दशकात त्यांनी स्वतःच्या शेतावर पाहुणे बोलवायला सुरुवात केली. 'कृषी पर्यटन' हा शब्द रुळायच्या आधी. बारामतीला पांडुरंग तावरे यांनी ते संघटितपणे पसरवलं ते 2005 च्या सुमारास, आणि राज्याचं कृषी पर्यटन धोरण तर 2020 मध्ये आलं. भडसावळ्यांनी भातशेतीत सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी, विकसित केलं. गादीवाफे एकदाच करायचे. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यातून सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळं परत येतात. सगुणा बाग काही पंचतारांकित नाही, पण पाहुणा जिथे जेवतो तिथलीच माती सुधारते आहे. रीजनरेटिव्हची याहून सोपी व्याख्या मला सापडली नाही.

हे सगळं मी बहिणीला ऐकवत होतो, तेव्हा काका मध्येच म्हणाले, "मग आपण पाचट पेटवायचं बंद केलं, ते काय वेगळं?"

खरंच. आमच्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवायचे. आता खोडव्याला तेच सरीत पसरून कुजवतात. ओल धरते, माती भुसभुशीत होते. कोल्हापूरचे प्र. र. चिपळूणकर उसात बिननांगरणीची शेती किती वर्षं सांगतायत! म्हणजे ज्या शब्दासाठी बहीण गूगल पालथं घालत होती, तो आमच्या बांधावरच होता.

पण आमच्या गावाला या शब्दाची दुसरी बाजूही दिसते. खडकवासला धरण 1870 च्या दशकात बांधलं. त्याच्या उजव्या कालव्याने पुण्याला पाणी दिलं आणि दौंडकडच्या कोरड्या शेतीलाही. आज तोच जुना कालवा बेबी कालवा म्हणून ओळखला जातो आणि त्यात मुंढव्याहून शहराचं वापरून झालेलं, प्रक्रिया केलेलं पाणी उचलून सोडतात. उरलेलं मुळा-मुठेतून खाली येतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि तो वास, हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. आबा सांगतात, ते याच नदीचं पाणी ओंजळीने प्यायचे. आज आम्ही त्यात पाय घालताना विचार करतो.

तेव्हा वरच्या अंगाला एखाद्या हॉटेलने छतावर बाग केली, बांबूचे टूथब्रश ठेवले, तर छानच. पण ते हॉटेल रीजनरेटिव्ह आहे की नाही, हे त्याच्या लॉबीत कळणार नाही. ते खालच्या अंगाला, राहूत कळेल.

मग आम्ही तयारी कशी केली? आधी पाया. मुंबईत 1954 साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने देशातली हॉटेल मॅनेजमेंटची पहिली संस्था सुरू झाली, जी आज दादरला आहे. तेव्हापासून शिकाऊ मुलांची विभागणी साधारण तीच: फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, किचन, सर्व्हिस. मी तिला म्हटलं, या चारही ठिकाणी एकेक प्रश्न शोध. चादरी रोज धुतात की पाहुण्याला विचारून? किचनमधलं उरलेलं अन्न रोज मोजतात का? भाजी कुठल्या शेतकऱ्याकडून येते आणि त्याला भाव काय मिळतो? कामाला आसपासच्या गावातली किती माणसं, आणि ती फक्त झाडलोटीलाच का? आकडा नसलेला दावा असेल तर नम्रपणे आकडा विचार. आणि घरचं लपवू नकोस.

ती हे शेवटचं ऐकून गप्प झाली. कॉलेजात तिने आपण गुऱ्हाळवाल्यांच्या घरातले आहोत हे कधी सांगितलंच नव्हतं. "दादा, तिथे सगळ्या मुली शहरातल्या असतात रे. मी पाचटाचं काय सांगू?"

"तेच सांग," मी म्हटलं. मनातून खात्री नव्हती.

इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. रीजनरेटिव्ह म्हणजे काय विचारलं, तेव्हा तिने खोडवा आणि पाचट सांगितलं. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणाले, तर हिने विचारलं, "तुमच्या एसटीपीचं पाणी पुढे कुठे जातं? कारण आमचं गाव नदीच्या खालच्या बाजूला आहे."

समोरचे दोघं एकमेकांकडे बघत राहिले म्हणे. मग एक जण म्हणाले, बागेला वापरून उरलेलं कुठे जातं ते विचारून सांगतो.

निवड झाल्याचा मेल अजून आलेला नाही. त्या उत्तराचाही नाही. दोन्हीपैकी काहीही आलं की पुढच्या भागात सांगतो. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला कोण आहे आणि खालच्या अंगाला कोण, हे तोवर एकदा नकाशावर बघून ठेवा. भेटूया!