अँडीजचें उल्लंघन आणि त्याचा हिशेब

पर्वत ओलांडून शत्रूच्या मुलखांत उतरलेल्या सेनापतींची गोष्ट निघाली कीं वाचकांस दोन नांवें हटकून आठवतात. एक ख्रि. पू. २१८ मध्यें हत्तींसह आल्प्स ओलांडून इटलींत उतरणाऱ्या हॅनिबलचें, आणि दुसरें इ. स. १८०० मध्यें त्याच पर्वतांतील सेंट बर्नार्डच्या घाटानें गेलेल्या नेपोलियनचें. नेपोलियनचें तें प्रसिद्ध चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल: पुढचे पाय उचललेला घोडा, वाऱ्यावर फडफडणारा झगा आणि वर उगारलेला हात. प्रत्यक्षांत तो गृहस्थ त्या घाटांतून खेचरावर बसून गेला. दाविद या चित्रकारास खेचर रुचलें नाहीं, इतकेंच. दक्षिण अमेरिकेंतील होसे दे सान मार्तिन या सेनापतीच्या नशिबींहि तेंच आलें आहे. १८१७ सालीं त्यानें अँडीज पर्वत ओलांडला तो खेचराच्या पाठीवर. पण त्याच्या देशांतील चौकाचौकांत तो उधळत्या घोड्यावर बसलेला दिसतो. खेचराचा घोडा करण्याच्या या हौसेपायीं त्या मोहिमेचें मर्म बरेंच झांकून गेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

उंचीच्या दृष्टीनें पाहिलें तर आल्प्सचे दोन्ही पराक्रम यापुढें लहान दिसतात. सेंट बर्नार्डचा घाट सुमारे ८,१०० फूट उंच आहे. सान मार्तिनच्या मुख्य सैन्यास लागलेली एस्पिनासितो नांवाची खिंड साडेचौदा हजार फुटांवर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फुटांचें. तशीं अडीच शिखरें एकावर एक रचलीं तरी त्या खिंडीचा माथा आणखी हजार फूट वरच राहील. पण नुसत्या उंचीचें कौतुक करून भागणार नाहीं. तेथवर पांच हजार माणसें नेण्याची पाळी कां आली, हें आधीं पाहिलें पाहिजे.

नेपोलियननें १८०८ सालीं स्पेनचें सिंहासन बळकावलें, तेव्हां त्या देशाच्या अमेरिकेंतील साम्राज्याचे सांधे ढिले झाले. ब्युनॉस आयरिस शहरानें १८१० त आपला कारभार आपल्या हातीं घेतला. परंतु स्पेनचें खरें बळ पॅसिफिक महासागराच्या बाजूस, पेरूंतील लिमा येथें होतें. ब्युनॉस आयरिसचीं सैन्यें आजच्या बोलिव्हियाच्या उंच पठारावरून लिमाकडे जाऊं पाहत आणि मार खाऊन परत येत. १८११ मध्यें एकदां आणि १८१३ मध्यें दोनदां त्यांचा तेथें धुव्वा उडाला. सान मार्तिन हा १८१२ त युरोपांतून स्वदेशीं परतलेला. जन्म अमेरिकेंतला खरा, पण वीस वर्षांहून अधिक काळ त्यानें स्पेनच्याच सैन्यांत चाकरी केली होती. म्हणजे शत्रूची विद्या तो शत्रूच्याच घरीं शिकून आला होता. उत्तरेकडील पराभूत सैन्याचें आधिपत्य १८१४ त त्याजकडे आलें, तेव्हां त्यानें ओळखलें कीं मूळ रस्ताच चुकला आहे. पश्चिमेस वळावें, अँडीज ओलांडून चिली घ्यावें आणि तेथून जहाजांनीं लिमावर जावें, असा विचार त्याच्या मनांत बसला. त्यानें प्रकृतीचें कारण पुढें करून डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या कुयो या आडबाजूच्या प्रांताची सुभेदारी मागून घेतली. प्रकृतीचें कारण खोटें नव्हतें. संधिवात, दमा आणि पोटांतील विकार यांनीं तो जन्मभर पीडलेला होता, आणि वेदना असह्य झाल्या म्हणजे अफू घेई.

तो मेंडोसा या प्रांताच्या मुख्य गांवीं पोहोंचला तेव्हां चिली अद्याप स्वातंत्र्यवाद्यांच्या हातीं होतें. पण थोड्याच दिवसांत, १८१४ च्या ऑक्टोबरांत, रांकाग्वा येथें बर्नार्दो ओहिगिन्स याच्या सैन्याचा नाश झाला, आणि पराभूतांचे तांडे बायकामुलांसह खिंडींतून मेंडोसाकडे उतरूं लागले. मित्राच्या देशांत जावयाचें होतें, तो आतां शत्रूचा देश झाला. दुसरा एखादा अधिकारी असता तर त्यानें बेत सोडून दिला असता. सान मार्तिननें मात्र पुढील दोन वर्षें जमाखर्चांत घालविलीं.

कुयो म्हणजे मेंडोसा, सान हुआन आणि सान लुइस हीं तीन गांवें, त्यांभोंवतीं पाटाच्या पाण्यावर पिकणारे द्राक्षांचे मळे, आणि बाकी सारें कोरडें माळरान. एवढ्याशा प्रांतानें सैन्य उभें करावयाचें! दारूच्या पिंपांवर कर बसला, सक्तीचीं कर्जें घेतलीं गेलीं, स्पेनच्या पक्षपात्यांची मालमत्ता जप्त झाली, स्त्रियांनीं अंगावरचे दागिने दिले. सुभेदारानें आपला पगार निम्म्यावर आणला. सान लुइसच्या लोकरीचें कापड मेंडोसास रंगवून त्याचे गणवेश झाले. कातड्याच्या तुकड्यांचीं पायतणें करून त्यांत जुन्या लोकरीचीं अस्तरें घालण्यांत आलीं, कारण बर्फांत बुटापेक्षां तीं बरीं. फ्रे लुइस बेल्त्रान या फ्रान्सिस्कन साधूनें अंगावरील झगा गुंडाळून ठेवून लोहारकाम हातीं घेतलें. देवळांच्या घंटा वितळवून त्यानें तोफा व गोळे ओतले, आणि हजारों नाल, अरुंद पायवाटेवरून तोफा ओढण्याचे गाडे, ओढ्यांवर टाकावयाचे दोरखंडांचे पूल हें सर्व त्याच्या कारखान्यांत झालें. सुमारे ७०० माणसें तेथें राबत, आणि ऐरणींच्या आवाजावर ओरडून ओरडून या साधूचा घसा कायमचा बसला असें सांगतात.

जें प्रांतांत मिळेना तें ब्युनॉस आयरिसकडे मागावें लागे. तेथील सर्वाधिकारी पुएइरेदोन यानें १८१६ त लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत तो कांबळीं, तरवारी, खोगिरें अशी पाठविलेल्या वस्तूंची यादी देतो, आणि शेवटीं वैतागून म्हणतो कीं आतां आणखी कांहीं मागाल तर एके सकाळीं मी किल्ल्याच्या तुळईस गळफास लावून घेतल्याची बातमी तुम्हांस मिळेल. स्वातंत्र्ययुद्धाचीं वर्णनें वाचतांना असल्या पत्रांकडे आपण दुर्लक्ष करितों. पण कांबळ्यांची संख्या ज्यानें मोजली नाहीं त्यानें साडेचौदा हजार फुटांवर सैन्य नेऊं नये.

डोंगराचे रस्ते पाहून येण्याची युक्ति तर मौजेची आहे. ९ जुलै १८१६ रोजीं तुकुमान येथें संयुक्त प्रांतांच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्या घोषणेची एक प्रत सान मार्तिननें आल्वारेस कोंदार्को या अधिकाऱ्याबरोबर चिलीच्या स्पॅनिश सुभेदाराकडे, मार्को देल पोंत याजकडे, पाठविली. जातांना लोस पातोसच्या लांबच्या वाटेनें जावें, अशी आज्ञा होती. तो उद्दाम कागद पाहतांच सुभेदार रागावेल आणि दूतास अगदीं जवळच्या, म्हणजे उस्पालाताच्या, वाटेनें हांकलून देईल हें ठरलेलेंच होतें. घडलेंहि तसेंच. प्रत सान्तियागोच्या चौकांत जाळण्यांत आली आणि दूत दुसऱ्या वाटेनें परत आला. त्याची स्मरणशक्ति विलक्षण होती. कागदावर एक रेघहि न ओढतां दोन्ही वाटांचा नकाशा तो डोक्यांत घेऊन आला.

उलट बाजूनें, शत्रूस खोटी खबर देण्याकरितां दक्षिणेकडील पेउएंचे या मूळच्या रहिवाशांच्या नायकांना बोलावून मोठा दरबार भरविला, भेटी दिल्या, आणि त्यांच्या मुलखांतून सैन्य नेण्याची परवानगी मागितली. हें वृत्त चिलींत पोहोंचेल असा सान मार्तिनचा अंदाज होता. तें पोहोंचलें, आणि मार्को देल पोंतनें आपली फौज दूरदूर विखरून ठेविली. ही युक्ति शहाणपणाची खरी. तरीहि ज्यांच्या भूमीवर उभें राहून त्यांस मित्र म्हटलें, त्यांचा निव्वळ निरोप्यासारखा उपयोग केला गेला, ही गोष्ट आम्हांस खटकते.

आतां माणसांचा हिशेब. कुयोंतील गोऱ्या व मिश्र वस्तींतून जेवढे शिपाई निघाले तेवढ्यांनीं भागेना. तेव्हां प्रांतांतील मालकांनीं आपल्या कामकरी वयाच्या गुलामांपैकीं दोन तृतीयांश सैन्यास द्यावे असें ठरलें. अशा रीतीनें सुमारे ७०० आफ्रिकी वंशाचे गुलाम दाखल झाले, आणि सातव्या व आठव्या पायदळ पलटणींत त्यांचाच मुख्य भरणा झाला. त्यांस स्वातंत्र्य मिळालें तें शिपाईगिरीच्या अटीवर. मरावयास तयार व्हा म्हणजे तुम्ही मोकळे, असा तो करार होता. आणि त्यावर त्यांची संमति कोणीं विचारली नव्हती. आपल्याजवळचें उत्तम पायदळ म्हणजे हे काळे लोकच, असा खुद्द सान मार्तिनचा अभिप्राय होता. परंतु एकाच पलटणींत गोरे व काळे एकत्र ठेवण्याची सोय नाहीं, कारण गोरे तें सोसणार नाहींत, हेंहि तोच लिहितो.

१८१७ च्या जानेवारीच्या उत्तरार्धांत सैन्य निघालें. दक्षिण गोलार्धांत तो उन्हाळा असतो, आणि खिंडी मोकळ्या असण्याचे तेच कांहीं आठवडे. लढाऊ शिपाई सुमारे ४,०००. तोफा ओढण्यास, वाट नीट करण्यास व जनावरें हांकण्यास आणखी १,२००. जनावरांचा आंकडा मोठा आहे: ९,२८१ खेचरें आणि १,६०० घोडे. घोडे रणांगणासाठीं राखून ठेवावयाचे, म्हणून शिपाई खेचरांवर बसले. ओहिगिन्स व सोलेर यांच्यासह मुख्य सैन्य लोस पातोसच्या वाटेनें गेलें. लास एरास याची तुकडी आणि बेल्त्रानचा तोफखाना उस्पालाताच्या वाटेनें गेला. या दोन वाटांच्या मधोमध अकोंकाग्वा हें सुमारे २२,८०० फुटांचें, अमेरिकेंतील सर्वांत उंच शिखर आहे. शिवाय आणखी चार लहान तुकड्या उत्तरेस व दक्षिणेस निरनिराळ्या खिंडींत शिरल्या. दक्षिणोत्तर सुमारे ५०० मैलांच्या टापूंत शत्रूनें कोठें पाहावें हेंच त्यास समजूं नये, हा हेतु.

पंधरा दिवसांची शिधासामुग्री बरोबर होती, कारण वाटेंत घर नाहीं, जळण नाहीं, उंचावर गवतहि नाहीं. वाळविलेलें मांस कुटून त्यांत चरबी व मिरची घालीत, आणि कढत पाणी ओतलें कीं त्याची पातळ लापशी होई. दिवसा ऊन चटके देई, रात्रीं पाणी गोठे. विरळ हवेनें डोकें फुटूं लागे, श्वास कोंडे, ओकाऱ्या येत. या विकारास तिकडे सोरोचे म्हणतात. त्यावर उपाय म्हणून शिपायांस कांदा व लसूण वांटला जाई, आणि जनावरांच्या नाकपुड्यांसहि लसूण चोळीत. शत्रूच्या लढण्याची मला फिकीर नाहीं, हे प्रचंड डोंगर ओलांडावयाचे या विचारानें झोंप लागत नाहीं, असें सान मार्तिननें एका मित्रास आधींच कळविलें होतें. चढावांतील कित्येक टप्पे त्यानें दुखण्यानें वेढलेल्या स्थितींत काढले.

तरीहि योजना दिवसांच्या हिशेबानें जुळली, आणि या मोहिमेंतील आश्चर्य आमच्या मतें हेंच. निरनिराळ्या वाटांनीं निघालेल्या दोन मुख्य तुकड्या ८ फेब्रुवारीच्या सुमारास अकोंकाग्वा नदीच्या खोऱ्यांत एकमेकींस येऊन मिळाल्या. १२ फेब्रुवारीस चाकाबुकोच्या चढणीवर लढाई झाली. सोलेरनें उजवीकडून वळसा घालून येईपर्यंत ओहिगिन्सनें शत्रूस नुसतें गुंतवून ठेवावयाचें होतें. पण रांकाग्वाची सल त्याच्या मनांत होती; तो वेळेपूर्वींच तुटून पडला. पहिला हल्ला परतविला गेला, आणि स्वतः सान मार्तिनला घोडदळ घेऊन पुढें यावें लागलें. शेवटीं सोलेर येऊन पोहोंचला आणि स्पॅनिश सैन्य मोडलें. दोन दिवसांनीं विजयी सैन्य सान्तियागोंत शिरलें. राज्यप्रमुखपद देऊं केलें असतां सान मार्तिननें तें नाकारिलें आणि तें ओहिगिन्सकडे गेलें. शहरानें बहाल केलेले १०,००० पेसो त्यानें सार्वजनिक ग्रंथालयासाठीं देऊन टाकले.

विजेत्यांच्या बाजूचे मृत अवघे १२ व जखमी १२० असा लढाईचा अहवाल आहे. वेळेपूर्वीं झालेल्या त्या हल्ल्यांत ओहिगिन्सचें पायदळ म्हणजे सातवी व आठवी पलटण होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो आंकडा कोणाच्या खात्यावर पडला हें उमगतें. पर्वतानें घेतलेला कर निराळाच. ९,२८१ खेचरांपैकीं चिलींत पोहोंचलीं सुमारे ४,३००, आणि १,६०० घोड्यांपैकीं ५११, तेहि हाडकुळे. जनावरांची ही मोजदाद सान मार्तिनच्याच लेखणींतून उतरली आहे.

गुलामगिरींतून सुटलेल्या शिपायांची मोजदाद इतकी नीट कोणीं ठेविली नाहीं. ५ एप्रिल १८१८ रोजीं माइपूच्या लढाईनें चिलीचें स्वातंत्र्य कायम केलें, आणि तेथें आठव्या पलटणीची फार हानि झाली. तेथून त्या पलटणी समुद्रमार्गें पेरूवर गेल्या. अँडीज ओलांडून गेलेल्या दोन-अडीच हजार काळ्या शिपायांपैकीं सहा वर्षांनीं १४३ परत आले, असा आंकडा इतिहासकार देतात. त्यांनीं मुक्त केलेल्या चिली देशानें १८२३ सालीं गुलामगिरी साफ बंद केली. ज्या देशांतून ते निघाले होते, जेथें त्यांच्या आया आणि बहिणी मालकांच्या घरीं राहिल्या होत्या, तेथें ती कायद्यानें बंद होण्यास १८५३ ची राज्यघटना यावी लागली.