बोट सुटण्याआधीचे तीन तास

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग केलं की ईमेलमध्ये एक सूचना हमखास असते: बोट सुटायच्या काही तास आधी बंदरावर हजर राहा, नंतर गेट बंद होईल. जळगाव-धुळ्याच्या माणसाला हे जरा अतीच वाटतं. आपल्याला सवय एसटीची. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, गाडी हलली तरी पळत जाऊन चढायचं. समुद्र तर आपल्या वाट्याला आलेलाच नाही. पण बोटीत चढण्याआधी ताटकळण्याशी खान्देशाचा संबंध चांगला चारशे वर्षांचा आहे. त्या काळात दारावरचा माणूस नेमकं काय तपासत होता, हे पाहण्यासारखं आहे.

आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. मुघल काळात सुरत हे मक्केला जाण्याचं मोठं बंदर होतं आणि बऱ्हाणपूर-सुरत हा रस्ता खान्देशातून जायचा. सतराव्या शतकात आलेल्या तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने आपल्या वाटेवरची गावं नोंदवली आहेत. त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपली नावं भेटतात. तेव्हा बोटीची वेळ घड्याळावर नव्हती, वाऱ्यावर होती. पावसाळ्याआधी अनुकूल वारा असेपर्यंत निघायचं. तो चुकला की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम.

वारा असूनही निघता येईलच असं नव्हतं. समुद्रावर पोर्तुगीजांची दादागिरी होती आणि त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, नसेल तर जहाज पकडलं जाई. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. बादशहाच्या घरातली बाई, पण परवान्याच्या घोळात तिला सुरतेत जवळजवळ वर्षभर थांबावं लागलं. जहाज सुटलं ते १५७६ च्या ऑक्टोबरात. त्या दारावर विचारला जाणारा प्रश्न होता: तुम्हाला कोणाची परवानगी आहे?

एकोणिसाव्या शतकात सुरत मागे पडली, मुंबई पुढे आली. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे घाट चढून खान्देशात आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. आता जळगाव किंवा भुसावळला गाडीत बसलेला माणूस मुंबईच्या गोदीपर्यंत सरळ जाऊ शकत होता. मात्र गोदीत पोचल्यावर दोन वेगळ्या रांगा होत्या.

पहिली रांग साहेबाची. आज जळगाव-भुसावळला थांबणारी पंजाब मेल आपण सगळेच ओळखतो. तिचा वाढदिवस १ जून १९१२ मानतात. तेव्हा ती पंजाब लिमिटेड होती आणि बोरीबंदरहून नव्हे, थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून पेशावरला जायची. विलायतेहून टपालाची बोट लागली की गाडी तयार. गोऱ्या अधिकाऱ्यांकडे बोटीचं आणि रेल्वेचं मिळून एकच तिकीट असायचं. बोटीतून उतरायचं आणि समोरच्या डब्यात बसायचं. सामान्य माणसाला त्या गाडीत थर्ड क्लासचा डबा मिळायला १९३० चं दशक उजाडलं.

दुसरी रांग हजच्या यात्रेकरूंची. ती माणसं मुंबईत मुसाफिरखान्यांत उतरायची आणि बोटीची वाट बघत दिवस काढायची. त्यांची तपासणी कडक होती, कारण सरकारला दोन भीती होत्या: रोगाची आणि गरिबीची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि त्याच महिन्यात मुंबई-कराचीहून हजला जाण्यावर बंदी आली. एरवीही वाटेत तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना क्वारंटाइनसाठी उतरवत, आंघोळ घालत, कपडे वाफेने निर्जंतुक करत. पैसे संपून लोक जेद्दाहला अडकतात म्हणून १९२५ च्या कायद्याने परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत आधीच सक्तीची केली. यातली काही काळजी खरी होती, काही निव्वळ संशय होता. पण दारावरचा प्रश्न आता असा झाला होता: तुम्ही निरोगी आहात का, आणि परतायला पैसे आहेत का?

या सगळ्यात एक प्रश्न राहून जात होता. बोटीवर नेमकी किती माणसं आहेत?

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अमावस्येचा सण, पावसाचे दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रामदास ही बोट रेवसला निघाली आणि वादळात सापडून थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आकडा मी मुद्दाम असा मोघम देतोय, कारण वेगवेगळ्या ठिकाणी तो वेगवेगळा वाचायला मिळतो. लाटांइतकीच ही गोष्ट अंगावर येते. एवढी माणसं गेली आणि त्यांची बेरीज आजही एक नाही.

बाकी जगही हे उशिराच शिकलं. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी उलटली, १९३ जण मेले. तिच्यावर किती प्रवासी होते याचे सुरुवातीचे आकडे बदलत राहिले. आज सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी बोट सुटण्याआधी तिच्यावरची माणसं मोजावीच लागतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत झालीच नव्हती. २०१५ पासून लांबच्या सफरीवरच्या बोटींना ही कवायत सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते.

तर ते तीन तास यात जातात. बॅगेला टॅग लागतो, ती एक्स-रेतून जाते. ओळखपत्र तपासतात, फोटो काढतात, हातात कार्ड देतात. शिडीवर कार्ड स्कॅन झालं की यादीतलं तुमचं नाव ‘आत’ होतं. गेट आधी बंद होतं ते यासाठी, की यादीतला आकडा आणि बोटीवरचा आकडा जुळवायला वेळ हवा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दोन ठिकाणच्या नोंदी जुळवणं हे आमच्याकडचं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं. बोटीवर त्या कंटाळवाण्या बेरजेचा अर्थ एवढाच, की उद्या काही झालं तर किती जणांना शोधायचं हे कोणालातरी माहीत असेल.

मुंबईहून हजच्या बोटी १९९५ मध्ये बंद झाल्या. बॅलार्ड पिअरला आता क्रूझचे प्रवासी येतात. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर गेटवे ऑफ इंडिया आहे. १८ डिसेंबर २०२४ ला तिथून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसं गेली. टक्कर ही बोटीची चूक नव्हती. पण परवाना ८४ प्रवाशांचा होता आणि बोटीवर शंभराच्या वर माणसं होती. सात वर्षांच्या एका मुलाचा मृतदेह तीन दिवसांनी सापडला.

एकाच बंदरात दोन हिशेब चालू आहेत. महागड्या तिकिटाचा माणूस नावानिशी, फोटोसकट मोजला जातो. स्वस्त तिकिटाचा माणूस बोट भरेपर्यंत आत घेतला जातो. जळगावहून सहल घेऊन मुंबईला गेलेली शाळकरी पोरं क्रूझवर जात नाहीत, एलिफंटाच्या बोटीत बसतात. तिथे तीन तास आधी बोलावण्याची गरज नाही. दारात उभं राहून डोकी मोजायला पाच मिनिटं पुरतात. पुढच्या वेळी त्या बोटीत चढताना एवढंच विचारा: परवाना कितीचा, आणि आत्ता आपण किती?