एक मूठ न्यायची, दोन मुठी आणायच्या

माझ्या आजोळी, संगमनेर तालुक्यात, चुलीच्या वर आढ्याला एक वाळका दुधी भोपळा टांगलेला असे. धुरानं काळा पडलेला, हलवला की आत बी खुळखुळायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही, कारण तो ‘बियाला धरलेला’ होता. मृग लागायच्या आधी आजी तो फोडायची आणि मग आळीतल्या बाया यायच्या. पदराच्या टोकाला दहा-बारा बिया बांधून न्यायच्या. आजी बी देताना शिकवायचीही. आळं हातभर खोल घे, तळाला शेणखत आणि राख टाक, बियाचं टोक खाली कर, आणि वेलावरचा एक चांगला पोसलेला भोपळा निवडून त्याला चिंधी बांध, म्हणजे पोरं तो तोडणार नाहीत. हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय बी मिळत नसे.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर परसबागेचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून दर गुरुवारी अकोले तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या वाडीवर जाते, बचत गटातल्या बायांना बी धरायला शिकवते. ‘कोणत्या संस्थेच्या हो तुम्ही बाई?’ असं पहिल्यांदा सगळीकडे विचारतात. कुठल्याच नाही. आजीचं काम पुढे चालवते आहे, इतकंच मी सांगते. पण ते काम मधली कितीतरी वर्षं बंद कसं पडलं आणि आमच्याच जिल्ह्यात ते पुन्हा सुरू कसं झालं, ही हकीकत नीट मांडून ठेवावी असं फार दिवस मनात आहे.

नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, इतिहास निजामशाहीच्या फराहबागेपासून सांगायची पद्धत आहे. बाग म्हटलं की खापरी नळांनी आणलेलं पाणी, हौद आणि कारंजी. मला मात्र या जिल्ह्याची खरी बाग मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेली दिसते. न्हाणीमागचा अळू, कुडावर चढवलेला वाल, उकिरड्यावरचा डांगर भोपळा. त्या बागेला कुणा सुलतानाचं नाव नाही, म्हणून तिची नोंदही नाही.

नोंद सापडते ती बी हातातून गेल्याची. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि तो वणवा आमच्या पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आला. इतिहासाच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जो धडा असतो तो हाच. त्यात कर्जरोखे जाळल्याचं वाचतो आपण. पण पेरणीच्या तोंडाला घरात बी नसलं की सावकाराच्याच दारी जायचं आणि सुगीला दिढीनं किंवा दुपटीनं धान्य फेडायचं, हीही त्या कर्जाची एक बाजू होती. ‘दुपटीनं परत’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येतील, आणि तेव्हा त्यांचा अर्थ पार पालटलेला असेल.

तरीही बायांच्या हातातलं बी राहिलं. ते राहिलं सणावारांच्या आडोशानं. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती घालून त्यात धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत किती वर आलं, किती सडलं, हे दसऱ्याला सगळं घर पाहतं. आमचा जिल्हा बराचसा रब्बी ज्वारीचा. दसरा झाला की पेरणीची घाई. मला तर घट म्हणजे देवीसमोर घेतलेली उगवणचाचणीच वाटते. आज मी बायांना ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून सातव्या दिवशी कोंब मोजायला सांगते, ऐंशीच्या वर आले तर बी चांगलं. गोणपाट सांगितलं की चेहरे कोरे राहतात, ‘घटासारखंच’ म्हटलं की लगेच कळतं.

मग १९६५ च्या आसपास संकरित बाजरी आली. तिच्या आधीच संकरित ज्वारी आलेली होती. उत्पन्न वाढलं, हे खोटं नाही, आणि ज्यांच्या घरात पोटभर नव्हतं त्यांना ते नाकारायला सांगणं मला कधी पटलेलं नाही. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली उभं राहिलं, त्यानं या जिल्ह्याला पुष्कळ दिलं. पण संकरित बी दर साली नवं घ्यावं लागतं. घरचं धरलं तर पुढच्या साली पीक एकसारखं येत नाही. एकदा बी दुकानातून यायला लागल्यावर उतरंडीतल्या मडक्यात काय ठेवायचं? शिवाय सत्तरच्या सुमाराला त्या पहिल्या संकरित बाजरीवर गोसावी पडला, कणसाच्या जागी नुसत्या पानांचे झुपके आले, आणि तोवर जुनी बाजरी कितीतरी घरांतून गेलेली होती.

त्यावर १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा दहा वर्षांची होते. खडी फोडायच्या कामावर आई जायची, घरी अमेरिकेची तांबडी मिलो यायची. तिची भाकरी थापता येत नसे. त्या उन्हाळ्यात आजीनं आढ्याचा भोपळा खाली काढला नाही, कारण आदल्या साली तो धरलाच गेला नव्हता. कडधान्याचं बी होतं तेही जात्यात गेलं. आजी ते दळताना एक शब्द बोलली नाही, एवढं मला आठवतं.

त्याच १९७२ साली जगाच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळी गोष्ट घडत होती. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात डेव्हिड गिबी नावाचे कृषी विस्तार अधिकारी बागेबद्दल विचारायला येणाऱ्या लोकांपुढे हतबल झाले होते. त्यांनी टकोमा शहरातल्या एका मॉलमध्ये सल्ला देणारं टेबल मांडून पाहिलं आणि पुढच्या वर्षी साध्या नागरिकांना शिकवून तयार केलं. विद्यापीठानं फुकट शिकवायचं, बदल्यात त्यांनी ठरावीक तास गावाला द्यायचे. त्यांना ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. माझी भाची सिॲटलजवळ राहते, तिनं हे प्रशिक्षण घेतलंय. फोनवर सांगायला लागली तेव्हा मी म्हटलं, अगं, तुझी पणजी हेच करायची. ती म्हणाली, ‘हो मावशी, पण पणजीला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.’

प्रमाणपत्र मिळालं, उशिरा मिळालं, पण थेट राष्ट्रपती भवनातून मिळालं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे. जन्म १९६४, महादेव कोळी समाज, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नातू वारंवार आजारी पडू लागला तेव्हा त्यांना फवारणीच्या भाजीपाल्याची शंका आली आणि त्या वडिलांच्या वेळचं गावरान बी शोधायला लागल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या बायफ संस्थेचे कार्यकर्ते या भागात काम करत होते. त्यांच्याकडून राहीबाईंनी परसबाग आणि बियाणं निवडण्याचं शिक्षण घेतलं, घरातच बियाण्यांची बँक उभी केली आणि मग स्वतः गावोगाव शिकवू लागल्या. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० ची पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांनी ती स्वीकारली.

पुरस्कारांपेक्षा मला त्यांच्या बँकेचा नियम मोठा वाटतो. बी न्यायचं आणि पीक आलं की दुपटीनं परत आणून द्यायचं. तेच सावकाराचे शब्द! फरक असा की ही दुप्पट पुढच्या बाईच्या पदरात पडते. आणि दुप्पट परत आणायचं तर बी धरायला शिकावंच लागतं, वेल राखावा लागतो, शेंगा वाळेपर्यंत धीर धरावा लागतो. उसनवारीच्या एका नियमात सगळं शिक्षण आलं. चौतीस वर्षांत इतकी चोख परीक्षा मला घेता आली नाही.

मी हे शिकले ते चूक करून. पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून वालाच्या बियांच्या साठ पुड्या वाटल्या. प्लॅस्टिकच्या, छान फीत बांधलेल्या. बी पुरतं वाळलेलं नव्हतं. आषाढात राजूरकडच्या एका वाडीवर गेले तर एका बाईनं पुडी तशीच समोर ठेवली. आत पीठ आणि भुंगे. रागावली नाही ती. घरातून मडकं आणलं, राखेतला एक वालाचा दाणा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, ‘बाई, दाताखाली धरा.’ मी चावला. कट् आवाज झाला. ‘हा आवाज आल्याबिगर भरायचं नाही. दात रुतला तर अजून ऊन पाहिजे.’ त्या दिवसापासून माझा पाठ या दाण्यानं सुरू होतो.

तिनंच आणखी एक सांगितलं. गावरान वाल लवकर लावला तरी श्रावणात नुसती पानं येतात, बाया कंटाळून वेल उपटतात. रात्र मोठी व्हायला लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही, दिवाळीच्या मागेपुढे लगडतो. ही गोष्ट कुठल्याच पुडीवर छापलेली नसते. ती कुणीतरी परसात उभं राहून सांगावी लागते.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पुन्हा पेरायचा, अदलाबदल करायचा हक्क दिलेला आहे. ब्रँडचं नाव न लावता विकायचासुद्धा. हे मी प्रत्येक वाडीवर सांगते, कारण कित्येकींना वाटतं की असं बी देणं-घेणं गुन्हा असेल.

तुमच्याकडे अंगण नसेल, गॅलरीत एक कुंडी असेल, तरी चालेल. येत्या मृगाला गावरान वालाचे चार दाणे लावा. शेंगा खा, पण एका फांदीला चिंधी बांधून ठेवा. फाल्गुनात त्या शेंगा वाजायला लागतील. दाणे उन्हात घाला, दाताखाली धरून पाहा, राखेत ठेवा. आणि पुढच्या संक्रांतीला कुणाच्या तरी ओंजळीत टाकताना कसं लावायचं ते सांगा, सगळं सांगा, घाई करू नका.