काळ्या भुकटीतला निळा

साल १८७८. तुम्ही क्रॉफर्ड मार्केटसमोर उभे आहात. इमारत जेमतेम नऊ वर्षांची. दारावरची शेतकऱ्यांची शिल्पपट्टी लॉकवुड किपलिंग यांची, इथल्याच कलाशाळेतल्या मास्तरांची. घोड्यांची ट्राम पायधुणीकडे निघून जाते, धूळ खाली बसते आणि तुम्ही रस्ता ओलांडता. सर जमशेटजी जिजीभाईंनी १८५३ साली एक लाख रुपये दिले, त्यातून निघालेली ही शाळा. तिला यंदाच नवी इमारत मिळाली आहे.

ओल्या मातीचा वास येतो, त्या बाजूला वळा. चाकावर सिंधहून आलेला कुंभार बसलाय. सिंध मुंबई इलाख्यातच मोडतो, आणि तिथल्या हाला गावची झिलईची भांडी नि फरशा नावाजलेल्या. शाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी तिथले कसबी कुंभार मुंबईत आणले. चाकावरच्या कुंभाराचा अंगठा मातीच्या गोळ्यात रुततो, भिंती वर चढू लागतात आणि बघता बघता रुंद खांद्यांची बरणी उभी राहते.

पलीकडे विद्यार्थी मराठी-गुजराथीत बोलत चित्रं उतरवताहेत. त्यांच्यापुढे अजिंठ्याचे नमुने आहेत. १८७२ पासून शाळेतले मास्तर जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना लेण्यांत नेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करून घेताहेत. पेस्तनजी बमनजी त्यांतलेच एक. लेण्यांच्या छतावरची कमळं नि हंस आता बरणीच्या पोटावर उतरताहेत.

तुमच्याही हातात कुंचला येतो. समोर दोन वाट्या, दोन्हींत काळी भुकटी. निळा रंग कुठे आहे, असं तुम्ही विचारता, तेव्हा पहिल्या वाटीकडे बोट जातं. त्यात कोबाल्ट आहे. भट्टीत तो निळा होईल. दुसऱ्या वाटीतलं तांब्याचं भस्म हिरवं होईल. म्हणजे आज जे रंगवायचं, त्याचा रंग मनातच धरायचा. तुम्ही पाकळी काढता. कच्ची माती पाणी झटकन शोषते, कुंचला अडखळतो. इथे पुसता येत नाही, म्हणून हात थांबवायचा नाही.

मग झिलई. शिसं आणि वाळू वितळवून केलेली काच पुन्हा कुटून पाण्यात कालवलेली असते. भांडं त्यात बुडवतात आणि तुमचं कमळ त्या धुरकट लेपाखाली पार नाहीसं होतं. काळजाचा ठोका चुकतो. कुंभार मात्र शांतपणे पुढचं भांडं उचलतो. त्याने हे आयुष्यभर पाहिलंय.

भट्टी पेटते. ती निवेपर्यंत दार उघडायचं नाही. गार वारा लागला तर भांडी तडकतात. अखेर दार उघडतं. लेप वितळून पारदर्शक झालाय आणि त्याखाली तुमची पाकळी गडद निळी दिसते आहे.

या घडीला इथे कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अजिंठ्याच्या त्या नकला लंडनला साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जातील आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याचशा जळून जातील. कापडावरचं अजिंठा जळेल. मातीवरचं अजिंठा आगीतून आधीच पार झालेलं आहे.

आता आपल्या काळात परत या आणि भायखळ्याला जा. १८७२ साली उघडलेलं तिथलं संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे ही मुंबईची झिलईची भांडी आहेत. टेरींच्या 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावानेही ती ओळखली गेली. पाकळीची कड नीट बघा. झिलई वितळताना निळा जिथे किंचित पसरलाय, तिथे त्या भट्टीची धग अजून वाचता येते.

चाकावरचा हात सिंधचा, रेघ अजिंठ्याची, पैसा पारशी दात्याचा आणि शाळा इंग्रज मास्तरांची. हे सगळं एका भट्टीत गेलं आणि बाहेर आलं ते दुसऱ्या कुठल्याच गावाचं नव्हतं, मुंबईचं होतं. या शहराच्या आधुनिक कलेची गोष्ट आपण बहुधा तैलचित्रांपासून सुरू करतो. तिची सुरुवात त्या सिंधी कुंभाराच्या चाकापासूनही झाली पाहिजे, कारण बाहेरून आलेल्या माणसाचं कसब आपलंसं करूनच मुंबई घडली आहे.